बांगडी का चढत नाही?

पुतणीच्या लग्नात कासार हिरवा चुडा भरायला आला होता, तेव्हाची गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, उजवा हात पुढे केला आणि सव्वादोनच्या बांगड्या सरसर चढल्या. डाव्या हाताला मात्र तीच बांगडी अंगठ्याच्या बुडाशी अडली. कासार कसबी माणूस. त्याने हात दाबून पाहिला, थोडा वेळ थांबला आणि काही न विचारता अडीचच्या बांगड्या काढल्या. ताई हसून म्हणाली, "बघ रे, दोन हात दोन बायकांचे वाटतात!" पण ते हसू खरे नव्हते.

मी एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. माझ्या डोक्यात भलताच हिशेब सुरू झाला. सव्वादोन आणि अडीच हे बांगडीच्या व्यासाचे इंच. फरक पाव इंचाचा, म्हणजे सुमारे ०.६३ सेंटिमीटरचा. त्याला ३.१४ ने गुणले की घेरातला फरक निघतो जवळजवळ २ सेंटिमीटर. दोन्ही हातांच्या घेरात २ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक पडला, की डॉक्टर ज्या विकाराची शंका घेतात, तो कासाराच्या बांगडीने बरोबर मोजला होता. (बांगडी पंजाचा घेर मोजते, दंडाचा नव्हे, हे ध्यानात ठेवा. डॉक्टर टेपने साऱ्या हाताची मापे घेतात.)

तीन वर्षांपूर्वी ताईच्या डाव्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली होती. काखेतल्या गाठीही काढल्या होत्या आणि नंतर क्ष-किरणांचे उपचार झाले होते. कर्करोग आटोक्यात आला. पण हात सुजू लागला. या सुजेला लसीकाशोथ म्हणतात. त्यातच कुणीतरी तिला बजावले होते, "डाव्या हाताने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही." ताईने हे व्रतासारखे पाळले. डावा हात काम करीनासा झाला, हळूहळू बाकीचे शरीरही बसून राहू लागले. तीन वर्षांत तिचे वजन अकरा किलोंनी वाढले आणि रक्तातली साखरही वाढली. हात सुजणे, वजन वाढणे आणि मधुमेह या तीन निरनिराळ्या पीडा आहेत, असे आम्ही घरचे सारे समजत होतो. त्या तशा निरनिराळ्या नाहीत, हे मला पुष्कळ वाचल्यावर कळले.

रक्ताबाहेरचे पाणी

रक्त धमन्यांतून जाते आणि शिरांतून परत येते, हे तुम्ही शिकला आहात. पण या दोहोंमध्ये ज्या अतिबारीक केशवाहिन्या असतात, त्या लोखंडी नळासारख्या पक्क्या नसतात. त्यांच्या भिंतीतून पाणी आणि थोडी प्रथिने सतत बाहेर झिरपत असतात. हृदयाने दिलेला दाब पाण्याला बाहेर ढकलतो, तर रक्तातली प्रथिने परासरणाने पाणी आत धरून ठेवतात. मनुका पाण्यात टाकली की फुगते ना, तेच हे बळ. या दोन बळांच्या रस्सीखेचीचा सिद्धान्त अर्न्स्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडला.

हे बाहेर आलेले पाणी जाते कुठे? बरीच वर्षे पुस्तकांत असे लिहिले जाई की, त्यातले बहुतेक पाणी केशवाहिनीच्या दुसऱ्या टोकाशी पुन्हा रक्तात शिरते आणि उरलेसुरले लसीकावाहिन्या नेतात. लेव्हिक आणि मिशेल या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये या विषयातल्या मोजमापांचा आढावा घेऊन दाखवले की, बहुतेक अवयवांत पाणी असे परत शिरत नाही. जवळजवळ सगळे पाणी लसीकावाहिन्यांनाच उचलावे लागते. त्यांच्या अंदाजाने दिवसाला सुमारे ८ लिटर! रक्तातला द्रवभाग, म्हणजे रक्तद्रव, आहे जेमतेम ३ लिटर. गणित करून पाहा. सगळा रक्तद्रव दर नऊ तासांनी एकदा वाहिन्यांबाहेर पडतो आणि फेरफटका मारून परत येतो. लसीकासंस्था म्हणजे उरलेसुरले भरणारी मोलकरीण नव्हे, हे यावरून कळेल.

या वाहिन्या फार उशिरा सापडल्या, कारण त्यातला द्रव पाण्यासारखा आणि भिंती पारदर्शक. १६२२ मध्ये इटलीतील गास्पारे असेल्ली याने नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचे पोट उघडले, तेव्हा त्याला आतड्याच्या पडद्यावर पांढरे धागे दिसले. त्याला आधी ते मज्जातंतू वाटले. एक धागा कापताच दुधासारखा द्रव बाहेर आला. जेवणातली चरबी घेऊन निघालेल्या त्या लसीकावाहिन्या होत्या. चरबीचा आणि लसीकेचा संबंध असा पहिल्या दिवसापासूनचा आहे.

हृदयाविना चालणारा पंप

आता खरा प्रश्न. रक्ताला हृदय आहे, लसीकेला कोण ढकलते? हात खाली सोडून उभे राहा. बोटांपासून खांद्यापर्यंत साठ-सत्तर सेंटिमीटरची चढण आहे. पाणी आपोआप वर चढत नाही.

निसर्गाने येथे दोन युक्त्या केल्या आहेत. पहिली झडपांची. सायकलच्या पंपात हवा एकाच दिशेने जाते, तशी लसीकावाहिनीत थोड्या थोड्या अंतरावर एकाच दिशेने उघडणारी झडप असते. दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा स्वतः आकुंचन पावतो, मिनिटातून काही वेळा. आग विझवताना माणसे रांगेने उभी राहून बादल्या पुढे देतात, तसा एक तुकडा आपल्यातली लसीका पुढच्याच्या स्वाधीन करतो. त्यामुळे साऱ्या उंचीचे ओझे एकावर कधीच पडत नाही. दुसरी युक्ती आपल्या स्नायूंची. मूठ वळली, कणीक मळली, घागर उचलली, की फुगलेला स्नायू शेजारच्या वाहिनीला पिळतो. झडपा असल्यामुळे पिळलेली लसीका वरच जाते. मागे येऊ शकत नाही.

हा पंप किती जोर लावतो, हे लंडनमधील संशोधकांनी मोजले आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केले. पद्धत मला फार आवडली, म्हणून सांगतो. पंज्यात किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचायचे. ते लसीकेबरोबर वर निघते. दंडाला रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधून त्यात हवा भरायची, म्हणजे लसीकेची वाट बंद होते. मग हवा हळूहळू सोडायची. ज्या दाबाला किरणोत्सारी लसीका पट्ट्याखालून पुढे सरकू लागते, तोच पंपाचा दाब. निरोगी हातांत तो सरासरी ३९ मिलिमीटर पारा भरला. शस्त्रक्रियेनंतर सुजलेल्या हातांत २४. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड आहे, म्हणून निरोगी पंप पाण्याचा सुमारे ५३ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ पेलू शकतो आणि सुजलेल्या हाताचा पंप जेमतेम ३३ सेंटिमीटरचा.

म्हणजे केवळ वाट अडली एवढेच नव्हे, पंपही थकला. काखेतल्या गाठी म्हणजे साऱ्या हाताच्या लसीकेचे जंक्शन. तेथे साधारण २० ते ३० गाठी असतात. कर्करोगाच्या पेशी स्तनातून निघाल्या की बहुधा याच वाटेने जातात, म्हणून शल्यविशारद त्या काढून तपासतात. क्ष-किरणांनी उरलेल्या वाटा निबर होतात. पुढे रस्ता बंद झाला की मागच्या पंपाला जास्त जोर लावावा लागतो. वाहिनी ताणली जाते. थोडा ताण आला तर ती अधिक जोराने आकुंचन पावते, पण ताण मर्यादेपलीकडे गेला की झडपेची पाती एकमेकींना भिडत नाहीत आणि लसीका मागे गळते. ताणानुसार आकुंचनाचा जोर वाढतो, हा नियम हृदयाच्या बाबतीत सांगणाऱ्यांमध्ये हेच स्टार्लिंग होते, ही एक गंमत.

हे दुखणे जुने आहे. अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकत्र काढण्याची मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. त्यानंतर हात सुजतात, हेही त्यांनीच १९२१ मध्ये लिहून ठेवले आणि त्या सुजेला हत्तीरोगाचे नाव दिले. आपल्याकडे विदर्भात आणि कोकणात डासांमुळे होणारा हत्तीरोग लोकांना ठाऊक आहे. तेथे वाट अडवणारे जंत असतात, येथे शस्त्रक्रियेचा व्रण. १९९० नंतरच्या दशकात निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून लसीका सर्वांत आधी ज्या गाठीत पोहोचते तेवढी 'पहारेकरी' गाठ काढून तपासण्याची पद्धत आली. ती निर्दोष असेल तर बाकीच्या गाठींना हात लावायचे कारण नाही. अनेक अभ्यासांची बेरीज करून २०१३ मध्ये काढलेला निष्कर्ष असा : काखेतल्या गाठी सरसकट काढल्या तर १०० पैकी सुमारे २० स्त्रियांचा हात सुजतो, केवळ पहारेकरी गाठ काढली तर ५ ते ६ स्त्रियांचा.

चरबी मध्ये का येते?

पण मग शस्त्रक्रिया सारखीच, तरी एकीचा हात सुजतो आणि चौघींचा नाही, असे का? अभ्यासांत पुन्हा पुन्हा एक कारण पुढे आले : शरीराचे वजन. किलोग्रॅममधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बीएमआय म्हणतात. तो जास्त असलेल्या स्त्रियांत हात सुजण्याचा धोका स्पष्टपणे जास्त दिसतो.

पहिले कारण तर साधे आहे. मेद वाढला की त्याला पोसणाऱ्या केशवाहिन्या वाढल्या, केशवाहिन्या वाढल्या की झिरपणारे पाणी वाढले, आणि ते उपसणाऱ्या वाहिन्या मात्र तेवढ्याच, किंबहुना शस्त्रक्रियेने कमी झालेल्या. दुसरे कारण अधिक खोल आहे. फुगलेला मेद स्वस्थ बसत नाही. त्यात दाह निर्माण करणाऱ्या पेशी गोळा होतात. त्याच दाहामुळे इन्सुलिनचे काम बिघडते, रक्तातली साखर वाढते आणि पुढे मधुमेह येतो. लठ्ठ उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, या पेशी लसीकावाहिन्यांभोवतीही जमतात आणि वाहिन्यांचे आकुंचन मंदावते. साखर वाढलेल्या उंदरांत तर वाहिन्यांच्या भिंती चाळणीसारख्या गळतात. म्हणजे ताईची साखर आणि ताईचा हात यांचा संबंध होता.

याहून आश्चर्याची गोष्ट उलट दिशेची. २००५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एका विशिष्ट जनुकाची एकच प्रत असलेले उंदीर अभ्यासले. त्यांच्या लसीकावाहिन्या गळक्या होत्या. हे उंदीर मोठेपणी लठ्ठ झाले! गळलेली लसीका मेदपेशींना जणू खतासारखी पोचते. म्हणजे मेद लसीकेला अडवतो आणि अडलेली लसीका मेद वाढवते. घाणीचा बैल फिरावा तसे हे चक्र. स्वीडनमधील माल्मो येथील शल्यविशारद हाकान ब्रोरसन यांना फार जुन्या सुजेच्या हातांत पाण्याऐवजी चरबीच भरलेली आढळली. १९८७ पासून ते ती शोषून काढण्याची शस्त्रक्रिया करीत आले. सूज नवी असताना अंगठ्याने दाबले तर खळगा पडतो, कारण आत पाणी असते. जुन्या सुजेत खळगा पडत नाही.

त्यात जंतुसंसर्गाची भर. साचलेल्या प्रथिनयुक्त पाण्यात जंतूंचे फावते, मधुमेहात जखम लवकर भरत नाही, आणि प्रत्येक संसर्ग उरलेल्या वाहिन्यांवर व्रण ठेवून जातो. भाजी चिरताना बोट कापणे ही ताईसारखीला क्षुल्लक गोष्ट नसते.

बादली उचलावी की नाही?

बादली न उचलण्याच्या सल्ल्यामागे विचार होता. श्रमाने हाताकडे रक्त जास्त जाते, म्हणून पाणी जास्त झिरपेल, आणि निचरा तर अर्धवट. ऐकायला पटते. पण पदार्थविज्ञानात पटणारी गोष्ट प्रयोगाने तपासावी लागते. ती कित्येक दशके कुणी नीट तपासलीच नाही, याचे मला नवल वाटते आणि थोडा रागही येतो.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे कॅथरीन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली. हात आधीच सुजलेल्या १४१ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाने वर्षभर, आठवड्यातून दोनदा, वजने उचलली. सुरुवात अगदी हलक्या वजनाने, तीही शिकलेल्या मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली आणि हाताला दाब देणारी लवचिक बाही घालून. त्रास नसेल तर वजन थोडे थोडे वाढवायचे, वरची मर्यादा नाही. दुसऱ्या गटाने नेहमीसारखे राहायचे. २००९ मध्ये निकाल आले. वजने उचलणाऱ्यांची सूज वाढली नाही. दुखणे अचानक उसळण्याचे प्रमाण त्यांच्यात १४ टक्के, तर दुसऱ्या गटात २९ टक्के होते. पुढच्याच वर्षी त्यांनी दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. तो होता सूज नसलेल्या, पण धोका असलेल्या १५४ स्त्रियांवर. वजने उचलणाऱ्यांत ११ टक्के हात सुजले, इतरांत १७ टक्के. पाच किंवा अधिक गाठी काढलेल्यांत हा फरक ७ आणि २२ टक्के असा ठळक होता.

आपण मघाशी पाहिलेला स्नायूंचा पंप आठवा, म्हणजे याचे नवल वाटणार नाही. शिवाय काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, इन्सुलिन कमी असले तरी. ताईने हात जपला म्हणजे पंप बंद ठेवला आणि साखरेचे गिऱ्हाईकही घालवले. त्या हाताचा रक्तदाब घेऊ नये, त्यात सुई टोचू नये, विमानाने जाऊ नये, असेही नियम आहेत. बोस्टनमध्ये ६३२ स्त्रियांच्या हातांची वर्षानुवर्षे मापे घेऊन २०१६ मध्ये सांगण्यात आले की, या गोष्टींचा आणि सूज वाढण्याचा संबंध दिसत नाही. संबंध दिसला तो काखेतल्या सगळ्या गाठी काढण्याशी, जंतुसंसर्गाशी आणि बीएमआय २५ च्या वर असण्याशी.

मग वजन उतरवले की हात उतरेल? मलाही असेच वाटले होते, आणि ताईला मी तसे सांगूनही बसलो. येथे मात्र माझा तर्क आपटला. त्याच श्मिट्झ यांच्या गटाने वजन जास्त असलेल्या आणि हात सुजलेल्या ३५१ स्त्रियांवर वर्षभर प्रयोग करून २०१९ मध्ये निकाल दिला. आहारनियमन करणाऱ्यांचे वजन सुमारे ८ टक्क्यांनी उतरले, पण दोन हातांमधला फरक कमी झाला नाही. या वेळी व्यायाम घरच्या घरी होता आणि त्यानेही सूज हटली नाही. स्प्रिंग मर्यादेत ताणली तर मूळ लांबीवर येते, मर्यादेपलीकडे ताणली तर ओझे काढले तरी लांबच राहते. माझ्या समजुतीप्रमाणे येथेही तसेच काहीसे असावे : पाण्याची जागा चरबीने आणि तंतूंनी घेतली की ओझे उतरवून वाहिनी पूर्ववत होत नाही. लठ्ठ उंदरांना धावायला लावले तेव्हा वजन न उतरताही त्यांच्या लसीकावाहिन्या सुधारल्या, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. पण त्या उंदरांच्या काखेतल्या गाठी कुणी काढल्या नव्हत्या. वजन उतरवण्याचे फायदे साखरेसाठी आणि हृदयासाठी आहेतच. हाताच्या बाबतीत वेळ महत्त्वाची दिसते.

ताई आता लवचिक बाही वापरते. व्यायामोपचारतज्ज्ञाने तिला अर्ध्या किलोपासून सुरुवात करून दिली, आज ती तीन किलो उचलते. (तुमच्या घरी कुणाला असा त्रास असेल तर हे वाचून एकदम वजने उचलायला लावू नका. आधी डॉक्टर.) तिची साखर उतरली आहे. बांगडी मात्र अडीचचीच लागते.

हाताचे आकारमान काढा

हात मोजण्याचे काम तुम्हीही शिकू शकता. ताईच्या हातावर मनगटापासून वर दर ४ सेंटिमीटरवर पेनने खूण करून मी दर महिन्याला टेपने घेर घेतो. दोन खुणांमधला तुकडा म्हणजे टोक कापलेला शंकू. खालचा घेर २४ आणि वरचा २६ सेंटिमीटर असेल, तर २४ चा वर्ग, २६ चा वर्ग आणि २४ गुणिले २६ यांची बेरीज करा. ती येते १८७६. तिला उंचीने, म्हणजे ४ ने गुणा आणि ३७.७ ने भागा (हा आकडा म्हणजे १२ गुणिले पाय). उत्तर सुमारे १९९ घनसेंटिमीटर. आता दोन्ही घेर फक्त २ सेंटिमीटरनी वाढवून पाहा. उत्तर येते २३२. टेपवर दोन बोटेही न भरणारी वाढ, पण आकारमान १७ टक्क्यांनी वाढले!

टेप नसेल तर आर्किमिडीज आहेच. दवाखान्यातही ही रीत वापरतात. बादली काठोकाठ भरून परातीत ठेवा, दंडावर खूण करून तेथपर्यंत हात सावकाश बुडवा, परातीत सांडलेले पाणी मापाने मोजा. मग बादली पुन्हा भरून दुसरा हात. वर्गातल्या दहा जणांनी केले तर तक्ता मांडता येईल. दोन्ही हातांचे आकडे बहुधा तंतोतंत जुळणार नाहीत. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा हात बरेचदा थोडा मोठा भरतो. म्हणूनच जाणते डॉक्टर शस्त्रक्रियेच्या आधीच दोन्ही हात मोजून ठेवतात. ताईच्या वहीत तो पहिला आकडा नाही. तिचा डावा हात मुळात किती होता, ते आम्ही लग्नाच्या जुन्या बांगड्यांवरून काढले.